चार नंबरचा कॅमेरा

नव्या शिडीच्या पाचव्या पायरीवर उभं राहून सईने चार नंबरच्या कॅमेऱ्याची पेटी उघडली आणि आतलं मेमरी कार्ड नखाने टोकरून बाहेर काढलं. जुनी शिडी आदल्या दिवशी पोलीस पंचनाम्यासाठी घेऊन गेले होते. खाली गटाराच्या सिमेंटच्या काठावर त्यांनी खडूने ओढलेली रेघ पावसाने जवळपास पुसून टाकली होती.

गोदामाचा मॅनेजर छत्री घेऊन खांबापाशी उभा होता. नऊ दिवस ऊन पडलेलं नाही, म्हणजे हा कॅमेरा बंदच असणार, पोलिसांनाही आपण तसंच सांगितलंय, असं तो म्हणाला. सईने पेटीतल्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. तो मिणमिणत होता. तिने झाकण लावलं, स्क्रू आवळले, आणि घरी जाऊन बघते एवढंच म्हणून ती खाली उतरली.

राहनाळच्या या गोदामाच्या मागच्या भिंतीला विजेची लाइन नव्हती. भिंतीपलीकडे खाडीकाठचं दलदलीचं खाजण होतं आणि माल तिकडूनच पळवला जायचा. म्हणून श्रीनाथच्या छोट्या कंपनीने तिथे चार खांब रोवून सौर कॅमेरे बसवले होते. प्रत्येक खांबावर एक कॅमेरा, त्याच्या वर पॅनल, मागे बॅटरी. सई या कंपनीत सहा वर्षं होती. आसपासच्या तीसएक गोदामांचे कॅमेरे ती सांभाळायची. पावसाळा आला की सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती मोबाइलवर बॅटरीचे आकडे बघायची.

त्या जुलैत आभाळ उघडायलाच तयार नव्हतं. पहिल्या तीन कॅमेऱ्यांना तिने हालचाल दिसली तरच जागं होण्यावर टाकलं. चौथा कोपऱ्यातला, चोरांच्या वाटेवरचा. तो चोवीस तास चालू हवा, असं गोदामवाल्यांचं म्हणणं होतं. तिने त्याचा आवाज बंद केला. तरी आकडा उतरत राहिला. जवळच्या डाइंग कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी ओल्या पॅनलवर चिकटून बसते आणि ढगाळ दिवसात जो काही उजेड असतो, तोही अडवते. म्हणून चौथ्या दिवशी तिने वॉचमनला फोन केला.

वॉचमनचं नाव चिंधू. साठीला टेकलेला, अंगाने काटक. गोदामाखालच्या जमिनीतला एक तुकडा कधीकाळी त्याच्या चुलत्याचा होता. हे तो तक्रारीने नव्हे, कुणाला पत्ता सांगावा तसं सांगायचा. सईला तो बाय म्हणायचा. सकाळी सहाला ड्युटी संपली की जाताजाता चार नंबरचं पॅनल ओल्या फडक्याने पुसाल का, असं तिने विचारलं. शिडीबद्दल, शिडी धरायला कुणी असण्याबद्दल ती काहीच बोलली नाही. त्याने एवढंच विचारलं, की तो वर चढला तर तिला घरबसल्या दिसेल का.

"दिसेल की," ती हसून म्हणाली होती. "सगळं दिसतं."

त्यानंतर तीन सकाळी तो दिसला. खांद्यावर शिडी घेऊन यायचा. भिंगावरून पाण्याचे ओघळ उतरायचे, आणि मग खाली उभा राहून तो कॅमेऱ्याकडे बघत एकदा हात हलवायचा. आकडा मात्र बाराच्या खाली गेला. सातव्या दिवशी दुपारी सईने त्या कॅमेऱ्याचं मोबाइलवर चित्र पाठवणंच बंद केलं. सगळ्यात जास्त बॅटरी तेच खातं. आता तो फक्त कार्डावर टिपून ठेवणार होता. हे चिंधूला कळवावं, असं काही तिच्या मनात आलं नाही.

टेमघरला घरी पोचल्यावर तिने दार लावून घेतलं आणि कार्ड लॅपटॉपला जोडलं.

आठव्या दिवशी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी चिंधू पडला. शिडीचा एक पाय शेवाळावरून घसरला आणि तो कंबरेवर गटाराच्या काठावर आपटला. सईला वाटलं होतं, इथे संपेल. पण तो हलला. त्याने डोकं उचललं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. त्याचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात वर केला. मग कोपरं टेकून, बोटांनी चिखल ओढत तो वीतभर सरकला, थांबला, पुन्हा वर पाहिलं. तिसऱ्यांदा हात अर्ध्यावरच राहिला. हे सगळं एकेचाळीस मिनिटं चाललं. त्यानंतर पडद्यावर फक्त पाऊस होता, आणि नऊच्या सुमाराला धावत आलेला एक टेम्पोवाला.

आई बाहेरून जेवायला हाक मारत होती. सईने लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून ती तशीच बसून राहिली.

संध्याकाळी श्रीनाथचा फोन आला. मॅनेजरचं म्हणणं त्याने समजावून सांगितलं. चिंधूची ड्युटी सहाला संपली होती. नंतर तो मागे कशाला गेला, कोण जाणे. प्यायला असेल. त्याला शिडी चढायला गोदामाने सांगितलं नव्हतं. कॅमेरा बंद होता म्हटलं की विषय संपतो, आणि गोदामाचं कामही कंपनीकडे राहतं.

"आणि चालू होता असं निघालं, तर पुढचा प्रश्न येईल," तो म्हणाला. "वर चढायला कुणी सांगितलं? तेव्हा नाव कुणाचं येणार? तुझंच."

"माझंच," सई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कार्ड पोलीस ठाण्यात नेऊन दिलं आणि जबाब लिहून दिला. हवालदाराने तो वाचला. 'पॅनल पुसायला मी सांगितले होते' या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, की हे ठेवायचंय का. तिने मानेने हो म्हटलं. त्याने पोच लिहून दिली. दुपारी श्रीनाथने मोजक्या शब्दांत कळवलं, की सोमवारपासून तिने येऊ नये.

चिंधू गेल्याच्या पाचव्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. भेटायला आलेले नातेवाईक पांगले होते. चिंधूची बायको रंगूबाई भिंतीला टेकून चटईवर बसली होती. मुलगी भाविका भरपाईच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला नाक्यावर गेली होती. सईने उभ्याउभ्याच सांगून टाकलं: फोन तिने केला होता, शिडीचं तिने बघितलं नव्हतं, आणि तो कामासाठीच चढला होता, हे आता पोलिसांकडे आहे, ते कुणाला नाकारता येणार नाही.

रंगूबाईने तिला बसायला सांगितलं. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"सांगायचा तो घरी," ती म्हणाली. "बाय तिकरून बघते म्हनायचा."

सईने तांब्याला हात लावला, पण उचलला नाही.

"कॅमेऱ्यात दिसला क तो?"

"हो."

"किती येळ होता तसा?"

बाहेर पावसाची सर येऊन पत्र्यावर वाजत गेली. ती ओसरली तेव्हा सईने तांब्यावरचा हात काढून घेतला.

"लगेच गेले, मावशी," ती म्हणाली. "पडले आणि... लगेच. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

रंगूबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मग ती स्वतःच्या हातांकडे बघू लागली आणि एका अंगठ्याने दुसऱ्या हाताची नखं एकेक करून चाचपू लागली.

"आंघोळ घातली तवा नखांत चिखल होता," ती म्हणाली. "काढता निघं न्हाय."

सईला वर बघवेना. दारात चपला वाजल्या. कुणीतरी छत्री झटकत होतं. रंगूबाई पुढे वाकली आणि तिने सईच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता.

"माझे पोरीला पन असाच सांग, बाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आता सांगलास तसाच."

भाविका आत आली. कागदांची पिशवी तिने पुसून कोनाड्यात ठेवली, ओढणीने तोंड टिपलं, वडील सांगायचे ती बाय हीच, हे ओळखलं. ती समोर येऊन बसली आणि तिने आईने विचारलं तेच विचारलं.

सईने सांगितलं. या वेळी ती मध्ये कुठे अडखळली नाही.