डाव्या दिव्याची काच

मला 'बिचारा' म्हणायचं असेल, मित्रांनो, तर इथेच थांबा. मी एक जुना दिवा आहे, एका दोन दारांच्या मोटारीच्या तोंडावरचा, डावीकडचा. वय वर्षे साठ. मला कीव नको. माझ्यावर 'आंधळा' असा ठपका आला होता, त्याबद्दल माझी बाजू तेवढी ऐका.

आधी माझी घडण सांगतो. पोलादाची वाटी, तिच्यात चांदीचा मुलामा दिलेला आरसा, मधोमध बल्ब, पुढे जाड काच आणि काच धरून ठेवणारी चकचकीत कडी. काचेला आतून बारीक, उभ्या पन्हळी आहेत. बघणाऱ्यांना ती नक्षी वाटते. नक्षीबिक्षी काही नाही. उभ्या पन्हळीतून गेलेला उजेड आडवा पसरतो. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. एवढ्या एका विद्येवर मी चाळीस वर्षं नोकरी केली.

पहिले मालक जमीन मोजणारे होते. माणूस मोजूनमापून बोलणारा, पण माझ्याबद्दल म्हणायचे, "हा दिवा खड्डा आधी दाखवतो, मग गाडी खड्ड्यात जाते. चूक माझी." काच पुसायला त्यांचा वेगळा सुती रुमाल असे. आरशाला मात्र बोट लावू देत नसत, कारण चांदी चोळली की जाते. पुढे त्यांचे गुडघे गेले, मग ते गेले. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं उभी राहिली. माझ्या कडीला गंज चढला, वाटीत गांधीलमाश्यांनी घर केलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मीही कुणाला हाक मारली नाही.

मालकांना मुलं दोन. थोरल्या मुलीचं चष्म्याचं दुकान आहे. तिला ताई म्हणू. धाकटा हॉटेलांना सामान पुरवतो. ताईने गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली. वर्षभर दर रविवारी ती मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात हात काळे करून घेत होती. धाकट्याने मात्र एका हॉटेलवाल्याला शब्द देऊन ठेवला होता. गाडी हॉटेलच्या दारात कायमची उभी करायची, इंजिन काढायचं आणि बॉनेटखाली फुलझाडं लावायची.

"गाडी सरकारी तपासणीत पास झाली तर तुझी," तो ताईला म्हणाला. "नाही झाली, तर मग भावनेच्या भरात बोलायचं नाही."

"कबूल," ताई म्हणाली. "पण कुंड्या आत्ताच विकत घेऊ नकोस."

तपासणी सोपी असते. बंद खोलीत गाडी भिंतीसमोर उभी करतात. भिंतीवर आडवी रेघ असते. उजेड रेघेखाली, दोन्ही बाजूंना सारखा पडायला हवा. उजव्या दिव्याचा पडला. माझा उजेड मात्र खांबासारखा उभा राहिला. खाली जमिनीवर, वर थेट छताला!

"डावा दिवा गेलाय," तपासनीस म्हणाले. "आठ दिवस देतो. बदलून आणा."

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी नव्या दिव्यांचा खोका आणून गॅरेजात ठेवला. निळसर पांढऱ्या उजेडाचे ते दिवे बसवायचे तर माझी वाटी कापावी लागणार होती. "घे, माझ्याकडून भेट," तो म्हणाला. "जुनं ते जुनंच. आंधळ्यापुढे किती दिवस आरसा धरणार?"

"कापलेल्या गाडीला जुनी गाडी कोण म्हणेल?" ताई म्हणाली. "मग कुंड्याच बऱ्या."

आंधळा! मित्रांनो, माझा आरसा शाबूत होता. बल्ब नवा होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण दिव्याला बोलायची सोय एकच: उजेड. ताईने शटर ओढलं, उजव्या दिव्यावर गोणपाट टाकलं आणि मला लावलं. मी सगळा जोर लावून तो उभा खांब भिंतीवर धरून ठेवला. बघा म्हटलं, नीट बघा.

ताई माझ्यासमोर उकिडवी बसली. खिशातून दुकानातलं भिंग काढून तिने माझी काच तपासली आणि एकदम हसली.

"काका, गोल फ्रेमचा चष्मा घालणारी माणसं माझ्याकडे येतात. म्हणतात, नंबर चुकला. नंबर बरोबरच असतो, काच फ्रेममध्ये फिरलेली असते. याच्या पन्हळी बघा. आडव्या आहेत."

मिस्त्रीकाका चिडले. "चाळीस वर्षं दिवे बसवतोय मी. डोळे मिटून बसवतो."

"तेच तर झालंय."

खरं म्हणजे काका काच कधी बघून बसवतच नसत. कडीला खालच्या बाजूला एक छोटी खाच असते. आत शिरलेलं पाणी तिच्यातून निघून जातं. ती अंगठ्याने चाचपायची आणि काचेची खूण तिच्यासमोर आणायची, ही त्यांची पद्धत. गंजलेली माझी कडी मुलामा द्यायला गेली तेव्हा तिथल्या कारागिराला ती खाच गंजाने खाल्लेली वाटली. त्याने मन लावून ती भरली आणि वर चकाकी दिली. काकांच्या अंगठ्याला खाच सापडली ती बाजूची, कडी अडकवायच्या चिमट्याची. काच पाव वर्तुळ फिरली, आणि आंधळा ठरलो मी.

काकांनी कडी काढली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"दुकानात या एकदा," ताई हळूच म्हणाली.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"दिव्यालाही काही झालं नव्हतं, काका."

 काकांनी बारीक कानस घेऊन खाच पुन्हा कोरली, काच फिरवली, कडी बसवली. धाकटा खोक्यावर बसून हे सगळं बघत होता.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या भिंतीसमोर उभे राहिलो. माझा उजेड रेघेखाली, आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरला. तपासनिसांनी दोनदा मोजलं.

"उजव्यापेक्षा जरा मंद आहे," ते म्हणाले. "पण नियमात बसतो. पास."

धाकट्याने हॉटेलवाल्याला तिथूनच फोन लावला. "नाही हो, जमणार नाही. गाडी चालती आहे," एवढंच बोलला, आणि मग ताईकडे किल्ली मागितली. "मी चालवतो जाताना." तिने दिली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं काम बिघडलं तर तिला बाद करण्याआधी आपण ती कशी बसवली आहे ते बघा. तिच्या अंगावरची प्रत्येक खाच म्हणजे खोट नसते. बुजवण्याआधी ती कशासाठी आहे ते विचारा. आरसा चोळू नका. आणि मला मंद म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी मंद आहे. पण माझा उजेड पडायचा तिथेच पडतो.