शिसवी पोटाची गिटार

वहिनीचा आवाज पोचत नाही, असं सगळे म्हणायचे आणि वहिनी मुकाट ऐकून घ्यायची. एरवी भाजीवाल्याशी भांडली तर चार घरं ऐकतील असा खणखणीत गळा. पण कार्यक्रमात गायला बसली की तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द सरकायचा नाही. "गिटार काय सुरेख वाजते हो!" एवढंच कौतुक व्हायचं, आणि तेही तिचं नाही, नवऱ्याचं. त्याचं गिटारी बनवायचं दुकान, आणि वहिनी वाजवायची ती गिटार त्यानेच घडवलेली ना! पाठ-बाजू शिसवी लाकडाच्या, पोट हे एवढं, आणि कंबर शोधावी लागेल अशी. मांडीवर घेतली की वहिनी निम्मी झाकून जायची.

त्यात माइक लावायचा नाही, ना गिटारला ना गळ्याला, हा नवऱ्याचा हट्ट. माइकने म्हणे लाकडाचा आवाज मरतो. मरू दे की मेला! पण नाही. मग वहिनी गिटारवर मात करायची म्हणून ओरडायची आणि घरी येऊन गरम पाण्याच्या गुळण्या करत बसायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम होता आणि नवरा सकाळीच लाकूड बघायला गेला होता. दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये एका म्हाताऱ्या शिक्षिकेची गिटार दुरुस्त होऊन पडली होती. नव्या तारा वाजवून जरा बसवायच्या होत्या, म्हणून वहिनीने ती उचलली. लहानशी, बारीक कमरेची, महोगनी लाकडाची, पॉलिश उडालेली. "काय हे खेळणं!" म्हणत तिने सूर जुळवले आणि सवयीने गायला लागली.

खरं तर त्या खोलीत गाणं म्हणजे गुन्हाच. गिटार तपासताना कुणी तोंड उघडायचं नाही, असा तिथला नियम. नवरा फळीवर बोटाने टकटक करायचा, कान लावायचा, आणि बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. खुद्द वहिनीची गिटार त्याने तिला गप्प बसवूनच पारखली होती.

एवढ्यात काउंटरवरची नणंद पडदा सारून आत आली. "अगंबाई, वहिनी, तू गातेयस? मला वाटलं रेडिओ लावलाय! बाहेर शब्द न् शब्द ऐकू येतोय."

वहिनीचा हात तारांवरच थांबला. तिने आपली मोठी गिटार काढली आणि तेच गाणं पुन्हा म्हटलं.

"आता?"

नणंदेने तोंड वाकडं केलं. "आता गिटार ऐकू येतेय."

नवरा दुपारी आला तो खुशीत. वहिनीने दोन्ही गिटारी त्याच्यासमोर ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. हेच तर तिला झोंबलं.

"बरोबरच आहे," तो कोट काढत म्हणाला. "तुझा आवाज खालच्या पट्टीतला. शिसवी आणि वर एवढं पोट, तेही खालीच घुमतं, आणि घुमत राहतं. दोघांची एकाच जागेवर रेटारेटी. महोगनीचा आवाज कोरडा, त्यातून हिची कंबर बारीक. ही वाजून गप्प बसते, म्हणून गळ्याला जागा मिळते."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"ह्या धंद्यात कुणालाही माहीत असतं."

"मग माझ्या गळ्यात हा रांजण का बांधलात?"

"अगं, लोक विचारतात ना, गिटार कुणाची म्हणून! तिच्यावर दुकान उभं राहिलं. आणि गाणं काय, तू म्हणतच होतीस की."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती स्वतःला दोष देत आली होती. आपणच कमी पडतो, आपलाच दम अपुरा. आणि हा माणूस सगळं कळून पहिल्या रांगेत मान डोलावत बसत होता, तेही स्वतःच्या लाकडावर! लग्नानंतर पहिल्यांदाच ती अरे-तुरेवर आली. "मी बायको आहे तुझी, दुकानाची पाटी नाही!" असं म्हणून तिने शिक्षिकेला फोन लावला. "ने गं, नाहीतरी पडूनच असते," म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी वहिनी ती लहान गिटार घेऊन बसली. पहिल्या ओळीलाच शेवटच्या रांगेतली कुजबुज थांबली. ओरडायची गरज नव्हती, रेटायची गरज नव्हती. दोन गाणी अशी झाली की तिला स्वतःलाच खरं वाटेना.

तिसरं गाणं तिचं सगळ्यात आवडतं. त्यात एक सूर अगदी हळू, बराच वेळ धरायचा होता. तिने धरला आणि तो मध्येच फाटला. पुन्हा धरला, पुन्हा खरखर. मोठ्या गिटारच्या घुमण्यात ही खरखर कधी कुणाला कळली नव्हती, तिला तरी कुठे कळली होती? इतकी वर्षं ओरडून ओरडून हळू गायचा गळाच झिजून गेला होता. तिने ते गाणं अर्ध्यावर सोडलं आणि दुसरं धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भरपूर वाजवल्या, आणि तिला त्या टाळ्यांचाही राग आला.

लोक पांगल्यावर नवरा जवळ आला. त्याचे डोळे लाल होते. "तू एवढं चांगलं गातेस, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"गात होते. जे चांगलं होतं ते तुझ्या शिसवी पोटात गेलं. आज तू ऐकलंस ते उरलंसुरलं."

तो चुळबुळला. मग त्याला एकदम मार्ग सापडल्यासारखं झालं. "उद्याच लहान गिटार करायला घेतो. महोगनीची, बारीक कमरेची. तुझ्या मापाची."

वहिनीने गिटार पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"घे की करायला," ती म्हणाली. "आणि गळा कुठल्या लाकडाचा करशील?"