डावीकडचा बल्ब

आमच्या शाळेत नववीला वर्षभराचा एक प्रकल्प करावा लागतो आणि शेवटी परीक्षकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : यातून काय शिकलात? बहुतेक जण चिकाटी, वेळेचं नियोजन वगैरे ठोकून देतात. मला तसलं गुळमुळीत जमत नाही. माझं उत्तर पाठ होतं आणि ते एका शहाण्याच्या नाकावर टिच्चून सांगायचं होतं.

त्याचं काय झालं, बाबा आमच्याच शाळेची बस चालवतात. हा शहाणा भर वर्गात म्हणाला, म्हाताऱ्या ड्रायव्हरांना घरी बसवायला हवं. माझं डोकंच फिरलं. म्हातारे कोण रे? म्हटलं थांब, मोजूनच दाखवते.

मामा वायरमन. त्याने मला घोड्याच्या नालासारखी वाकवलेली एक पट्टी करून दिली. माणूस तिच्या आत खुर्चीवर बसणार. समोर एक बल्ब आणि दोन्ही कानांच्या जरा पुढे एकेक. पायाखाली ब्रेकसारखं पॅडल. मी मागून खटका दाबून तिन्हींतला कुठलाही बल्ब लावायचा, बसणाऱ्याने नजर सरळ ठेवायची आणि उजेड दिसला की पॅडल दाबायचं. मध्ये किती वेळ गेला ते घड्याळ सांगायचं.

दर रविवारी मी घरातल्यांना धरूनच आणायची. आई करवादायची, दादा आळोखेपिळोखे देत यायचा. आणि बाबा सगळ्यांना हरवायचे. विशीतल्या दादालासुद्धा, दर वेळी. दादाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मी मात्र हवेत. निष्कर्ष मोठ्या अक्षरांत लिहून टाकला : सरावापुढे वयाचं काही चालत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मामाने पट्टी बघून नाक मुरडलं. खटके जुनाट दिसतात म्हणाला, चारचौघांत शोभत नाहीत. त्याने ते काढून मऊ रबरी बटणं बसवून दिली. बाबा तेव्हा बसच्या फेरीवर होते.

हॉल भरला होता. परीक्षक बाई, मुख्याध्यापक, बसचं काम बघणारे व्यवस्थापक, सगळे पहिल्या रांगेत. मी बाबांना पुढे बोलावलं. ते गणवेशातच आले, कॉलर नीट करत खुर्चीत बसले. मी मधला बल्ब लावला. त्यांनी पॅडल दाबलं. उजवा लावला, दाबलं. पण घड्याळातला आकडा बघून माझ्या कपाळाला आठी पडली. बाबा इतके सावकाश कधीच नसायचे.

मग मी डावा लावला.

काहीच झालं नाही. बाबांची नजर समोर, पाय पॅडलवर, चेहरा अगदी तयार. मी बटण सोडून पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. तो शहाणा फिसकन हसला. मला वाटलं, बल्ब गेला. वाकून बघितलं तर बल्ब लख्ख पेटलेला. बाबांच्या कानाच्या पाळीवर उजेड पडला होता आणि ते वाट बघत बसले होते.

मी बोटाखालच्या रबरी बटणाकडे बघितलं. जुन्या खटक्यांचा टक्कन आवाज व्हायचा, याचा होत नव्हता. वर्षभर बाबा डोळ्यांनी नाही, कानांनी पॅडल दाबत होते, म्हणून तर दादाच्या आधी दाबायचे.

विज्ञानाच्या बाई मदतीला धावल्या. बल्ब गेलेला दिसतोय, राहू दे, तू पुढचं सांग, म्हणाल्या. बाबांनी मान वळवून बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं.

"गेला असेल," ते म्हणाले.

मी नुसती मान हलवायची, की सुटलो. नोकरी राहणार, कदाचित बक्षीससुद्धा. पण खिडकीतून बस दिसत होती. तिचं दार डावीकडे. अर्ध्या तासात पहिलीची पोरं त्याच दारातून चढणार, उतरणार, उतरल्यावर चाकापाशी वाकून पडलेली पेन्सिल उचलणार. असा राग आला ना मला बाबांचा. आणि त्याच वेळी त्यांना उठवून घरी घेऊन जावंसं वाटत होतं.

परीक्षक बाईंनी तोच प्रश्न विचारला. वर्षभरात काय शिकलीस?

बटण अजून माझ्या बोटाखालीच होतं.

"बल्ब गेलेला नाही," मी म्हटलं. "पेटलाय, बाबा. अजून पेटलेलाच आहे."

मग रडत रडतच खटक्यांचं सगळं सांगितलं. माझे आकडे कुचकामी आहेत, निष्कर्ष चुकलाय, हेही सांगितलं. कोणी हसलं नाही, तो शहाणासुद्धा. व्यवस्थापक उठून आले. ते काही विचारायच्या आत बाबांनी खिशातून बसची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्या दिवशी पोरांना दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला.

आम्ही चालत घरी निघालो. अर्ध्या वाटेत मला राहवेना. तुम्हाला माहीत होतं का, मी विचारलं.

"होतं. बरेच दिवस झाले," बाबा म्हणाले. "वाटलं, कान आहेत की अजून."

मला ओरडायचं होतं. तेवढ्यात मोठा रस्ता आला. एरवी बाबा माझं मनगट धरून तरातरा ओलांडून नेतात, मी कितीही मोठी झाले तरी. आज ते कडेला थांबले.

"डावीकडून काही येतंय का गं?"

मी नीट बघितलं.

"टेम्पो येतोय," मी म्हटलं. "थांबा जरा."

ते थांबले.