बापाला न सांगितलेली कॉइल

या हो, असे जवळ सरका. सतरंजीवर जागा आहे, अन् सांगणार आहे ती कथा आपल्याच माणसाची, गुणवंतराव महाराजांची.

चामोर्शीकडे धान पिकवायचे अन् गावोगावी कीर्तन करायचे, असा त्यांचा संसार. त्यांनी अभंग उचलला की लेकरं रडायची थांबत अन् म्हातारे रडायला लागत.

हिवाळ्यात त्यांची लघवी अडू लागली. रक्ताची तपासणी वाईट आली. मुलगा आदेश ऊर्जानगरला नोकरीत. त्यानं चंद्रपूरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आदेशला आत बोलावलं.

"प्रोस्टेटमध्ये गाठ आहे का, ते एमआरआयमध्ये बघू. पण आमची मशीन जुनी, कमी ताकदीची. नुसती पोटावर कॉइल, म्हणजे फोटो टिपणारं तारेचं वेटोळं, ठेवली तर फोटो धूसर येतात. बारीक कॉइल गुदद्वारातून आत ठेवली तर नीट दिसेल. ते नको असेल तर नागपूरला न्या. तिथली मशीन दुप्पट ताकदीची, तिला पोटावरची कॉइल पुरते."

आदेशनं बाहेर येऊन फोन लावला. नागपूरची तारीख मिळाली ती नेमकी महाशिवरात्रीची. मार्कंड्याच्या जत्रेतल्या कीर्तनाचा नारळ महाराजांनी आधीच घेतलेला. अन् घेतलेला नारळ कीर्तनकार परत करत नाही.

"इथी होत नाई काय?" बाकावरून महाराजांनी विचारलं.

"होते बाबा."

"मंग इथीच कर ना! काऊन तोंड पाडून राह्यला?"

शेजारी आई, रंभाबाई. पलीकडे मृदंगवाले प्रफुल्लभाऊ. कॉइल कुठं ठेवतात, ते आदेशच्या ओठांपर्यंत आलं. पण आपल्याकडे बापलेकांत असलं बोलणं होत नाही. अन् ज्याच्या पाया पडायला रांग लागते, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"काई नाई बाबा. साधीच करू."

प्रफुल्लभाऊ हसले, "महाराज, ते मशीन लय ठोकते म्हणतात. ताल चुकला तं मले बलावजा!"

फोटो धूसरच आले. "एका बाजूला काहीतरी वाटतं, पण खात्री नाही. पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले. आदेशनं ठरवलं, जत्रा होऊ दे, मग नागपूर. कीर्तन झालं, मंडप भरून झालं. पण नागपूरची पुढची तारीख मिळेस्तोवर चैत्र सरला. तिथल्या मशीनमध्ये गाठ लख्ख दिसली. कंबरेच्या हाडांतही दिसली.

आधी दिसली असती तर महाराज वाचले असते का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पावसाळ्यात महाराज खाटेला खिळले. एका दुपारी पाय चेपता चेपता आदेशनं सगळं सांगून टाकलं. मान वर न करता.

महाराज हसले. "येवढंच? अरे, देह माती हाये म्हणून मी जन्मभर लोकायले सांगून राह्यलो. मले लाज वाटली असती काय रे?"

मग त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"वाटली असती," ते हळूच म्हणाले. "पण तू म्हनला असता ना बापू, तं ठेवू देली असती."

भाद्रपदात महाराज गेले.

आदेश अजून कीर्तनाला येतो. मागं, खांबाजवळ बसतो. सगळा मंडप टाळ्या धरतो तेव्हा त्याचे हात मांडीवरच असतात. बाप तर देवाच्या पायाशी पोचला, त्याची काळजी नाही. तुम्ही सांजेला दिवा लावाल ना, तेव्हा त्या पोराची आठवण ठेवा.