आखाजीचे कंद

"हे बी उपटू का?" शालिग्रामने विचारलं.

"उपटा आबा. आता कोन्तं ठेवता?" त्याची लेक भाविका म्हणाली.

पानांवर पिवळ्या रेघा, आतला पोंगा सडलेला. हरण्या रोगच तो! शालिग्रामने बुंध्याला मिठी घालून हिसका दिला, तसं केळीचं रोप कंदासकट वर आलं. कंद त्याला लगेच ओळखू आला. का नाही येणार? त्याच्याच बागेतला होता.

आखाजीच्या सणाला लेक माहेरी आली, तेव्हा तिच्या सासरी पहिल्यांदाच केळी लावायचं घाटत होतं. टिश्यू कल्चरची तयार रोपं घेऊ, असं जावई किरण म्हणाला, तर शालिग्राम भडकलाच. "घरी बाग असून लेकीले दुकानातलं रोप? लोकं तोंडात शेन घालतीन माह्या!" फैजपूरच्या बागेतले सगळ्यात देखणे कंद त्याने स्वतः निवडले, हळदकुंकू लावून ट्रॉलीभर पाठवले. मेलं ते देखणेपण! रोग कंदाच्या पोटात होता, वरून काय कपाळ दिसणार? पुढे त्याच रोगात त्याची स्वतःची बाग गेली, तेव्हा त्याला पहिली आठवण लेकीचीच झाली.

"राहू द्या मामा, तुमाले कुठी मालूम होतं?" किरण खड्ड्यात रोपं ढकलत म्हणाला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या, तर शालिग्रामला बरं वाटलं असतं.

दिवस कलला तेव्हा शेत उघडंबोडकं झालं होतं. शालिग्रामने हात धुतले आणि बांधावरची पिशवी उचलून भाविकापुढे धरली. त्याच्या बायकोने, लताबाईने, नातवासाठी घरची पिकलेली केळी दिली होती. शेवटच्या घडाची.

माहेरची चिंधीसुद्धा छातीशी धरणारी पोर, पण ती मागे सरली. "नको आबा. सासूबाई म्हनता, तिकडचं आता काहीच घरात नको." तिचे डोळे भरून आले होते. हात मात्र पुढे आला नाही.

"आखाजीले येशीन ना, बाई?"

"पाहू," भाविका म्हणाली आणि बोटांचा चिखल काढत राहिली.

घरी लताबाई ओट्यावर वाट बघत होती. त्याला गोठ्याकडून येताना पाहून तिने विचारलं, "पोट्ट्यानं खाल्ली का केळी?"

"खाल्ली ना! दोन्ही हातात धरून खाल्ली."

लताबाई खुदकन हसली. हसत हसत गाईला भाकरीचा तुकडा द्यायला गोठ्याकडे निघाली.

"थांब, मी देतो," म्हणत शालिग्रामने घाईघाईने तिच्या हातातला तुकडा घेतला आणि तो गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. त्याच्या पाठीमागे गाय सालीसकट केळी खात होती.