पायाशी लिहिलेलं नाव

आर्णीच्या बसस्टँडमागे लखीरामचं स्टिकरचं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर तिथे बायकांची ही झुंबड. आता कोण सारवतं, कोण रांगोळी सांडत बसतं, उंबऱ्यापुढे स्टिकर चिकटवलं की झालं. विजयमालाबाई त्या दुकानाकडे कधी मान वळवून पाहत नसत. पण त्या दिवशी देवळातून येताना चपलेचा अंगठा तुटला, म्हणून त्या पायरीशी टेकल्या, आणि नमुना म्हणून फरशीवर लावलेल्या एका स्टिकरवर त्यांची नजर खिळली.

गोपद्मं होती. गाईच्या खुरांचे ओळीने ठसे. चातुर्मासात त्या तुळशीपुढे रोज तेहतीस काढत, अगदी तशी. तशी कसली, त्यांचीच. लोखंडी कपाटाच्या दारात सापडून त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक खुराची डावी पाकळी टोकाला बाहेर वळायची. सरळ करायला गेलं तरी वळायची. शेवटी त्यांनी नाद सोडला. देव का हात ओळखत नाही, असं म्हणाल्या आणि तशाच काढत राहिल्या. स्टिकरवरची प्रत्येक पाकळी तशीच बाहेर वळलेली होती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि चपलांसकट त्या ठशांवर उभं राहिलं. बाई तशाच उठून आत गेल्या.

हे चित्र कुठलं, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. लखीराम मशीनला कागद लावत होता. नेटवरचं, तो म्हणाला. खाली कोणाचं नावगाव नाही, म्हणजे ज्याला सापडलं त्याचं. मग त्याने बाईंकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला.

"तुमची सून परवा येऊन गेली, काकू. ह्याच चित्रासाठी."

कशासाठी म्हणून विचारलं, तर तो पुन्हा मशीनकडे वळला. "ते तिलेच विचारा. मले कायले मधात घेता?"

तुटकी चप्पल ओढत बाई घरी आल्या. संशयाला पाय नसतात म्हणतात, पण तो त्यांच्याआधी घरी पोहोचला होता. सुरभी ओट्यावर बसून फोन पाहत होती. सासूला पाहताच तिने फोन मांडीवर उलटा ठेवला.

सुरभी लग्न होऊन आली ती रांगोळ्यांचं वेड घेऊनच. नवरा अक्षय वणीला खाणीत नोकरीला, सुटीला तेवढा यायचा. मग ही अंगणात काहीतरी काढायची, फोटो घ्यायची आणि फोनवरून जगाला दाखवायची. बाईंना त्याचं वावडं नव्हतं. पण रांगोळी वेगळी आणि व्रत वेगळं. गोपद्मं काढायची ती विष्णूसाठी. पूजा झाली की ती आपल्याच हाताने पुसायची, कोणाचा पाय पडू द्यायचा नाही. श्रावणात त्या तापाने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सुरभीला सांगून तो नेम त्यांनी चालू ठेवला होता, खंड पडू दिला नव्हता. आणि तेच आता गावाच्या उंबऱ्याउंबऱ्यावर चिकटून लोकांच्या चपला झेलणार. व्रतच विकलं म्हणायचं की हे. विकलं कोणी, हे विचारायची तर गरजच नव्हती.

तरी बाईंनी विचारलं नाही. पुराव्यावाचून तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. त्या नुसत्या पाहू लागल्या, आणि पाहायला लागलं की दिसतंच. सुरभीला फोन आला की ती मागच्या दारी जायची. एकदा बाई वाळवणाशी होत्या, तेव्हा भिंतीआडून दबका आवाज आला, "आईले कळू देऊ नका, बस."

पलीकडे कोण असेल, याचा बाईंनी दोन दिवस विचार केला. मग त्या भजनी मंडळाच्या हंसाबाईंकडे गेल्या. पस्तीस वर्षांची मैत्रीण. मन तिच्याजवळच मोकळं करायचं. हंसाबाईंनी ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि जाऊ द्या बाई, म्हणत भोपळ्याच्या भावावर गाडी नेली. बाईंना चहा कडू लागला. म्हणजे हीसुद्धा त्यातलीच.

पहाटे उठून स्नान, तुळस, गोपद्मं, आणि मग फोन घेऊन सगळ्या ओळखीच्यांना देवाचं चित्र पाठवायचं, हा क्रम मात्र त्यांनी चुकवला नाही. कुठून कुठून आलेली चित्रं, सुंदर असायची. फक्त बरेच जण खाली, ऐन देवाच्या पायाशी, आपलं नाव छापायचे, कोणी तर फोन नंबरसुद्धा. देवाच्या पायाशी माणसाने डोकं ठेवावं, नाव कशाला ठेवावं? बाई बोटाने ती पट्टी कापायच्या आणि मगच चित्र पुढे धाडायच्या. हेही त्यांना व्रतासारखंच झालं होतं.

चातुर्मासात त्या मौनाने जेवत. ताटावर बसल्यापासून आचवेपर्यंत शब्द नाही. बोललं की तिथेच ताट सोडायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. त्या दुपारी सुरभीने झुणका वाढला, भाकरी वाढली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, दाराला या वेळी एखादं स्टिकर आणू का, तुमचे गुडघे दुखतात.

बाईंच्या हातातला घास हातात राहिला.

"माह्या हाताचं तू विकलं, आणि आता मलेच आणून देतं?"

बाईंनी घास खाली ठेवला. व्रत मोडलं होतं. त्या उठल्या.

सुरभी हातात वाढायची पळी धरून उभीच होती. तिचा आवाज चढला नाही, ती सासूच्याच वळणावर गेली होती. "ते तुमच्या हाताचं नाही, आई. माह्या हाताचं आहे. तुम्हाले ताप होता, तेव्हाचं."

बाई म्हणाल्या, खोटं बोलू नको, पाकळी वाकडी आहे.

"मले वाटलं व्रतात तशीच काढा लागते. तुम्ही रोज तशीच काढता. चुकले तर व्रतात खोट यीन, म्हणून वाटीभर रांगोळी घेऊन मागच्या दारी सराव केला मी."

तिने फोन उघडून दाखवला. तेच ठसे, खालच्या कडेला त्यांच्याच तुळशीचा कोपरा, आणि तिथेच बारीक अक्षरांत, सुरभी. हा फोटो तिने रांगोळीवाल्या बायकांना पाठवला होता. तो फिरत फिरत हंसाबाईंकडे आला आणि तिथून बाईंकडे. मग तिने दुसरं चित्र दाखवलं. तुळस नाही, नाव नाही. खालची पट्टी साफ गेलेली. भजनी मंडळाच्या ग्रुपवर हे असं पहिल्यांदा पाठवणाऱ्याच्या जागी एक नाव होतं. बाईंना ते चष्म्याशिवायही वाचता आलं.

तापात त्यांनी काय पाठवलं आणि काय नाही, त्यांना आठवत नव्हतं. पण कापण्याची रीत त्यांचीच होती.

"लखीरामले मी भांडाले गेलते," सुरभी म्हणाली. "हे पायाखाली विकू नको म्हणून. त्यानं दाखवलं कोणाकडून आलं ते. मग मी गप बसले. हंसामावशीलेही म्हटलं, आईले कळू देऊ नका."

बाई देवघरासमोर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सुरभीनेही ताट झाकून ठेवलं ते उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी लखीरामकडे गेल्या. ह्या चित्राचं नाव मी कापलं होतं, चित्र हिचं आहे, असं बाईंनी त्याला चारचौघांत सांगितलं. तो ओशाळला. म्हणाला, मग आता खाली नाव टाकून देतो, काकू, त्यात काय. पायाखाली? सुरभीने विचारलं. त्याने उकिडवं बसून फरशीवरचा नमुना खरवडून काढला आणि पुन्हा छापणार नाही, असं कबूल केलं. पण विकलेले कोणाकोणाच्या दारी गेले, ते त्यालाही सांगता येईना. परतताना बाई प्रत्येक उंबऱ्याकडे पाहत चालल्या होत्या.

पुढच्या सकाळी त्यांनी रांगोळीची वाटी सुरभीच्या हाती दिली. पाकळी सरळ काढ, म्हणाल्या. सुरभीने दोन काढल्या, तिसरी बाहेर वळली.

"आता हाताले तेच वळण पडलं, आई."

तेवढ्यात फोन वाजला. हंसाबाईंनी दत्ताचं चित्र पाठवलं होतं. फार सुंदर होतं. बाईंचा अंगठा सवयीने पुढे पाठवायच्या बाणावर गेला आणि तिथेच थांबला. चित्राच्या खाली एकही अक्षर नव्हतं. त्यांनी ते बोटांनी मोठं केलं, चष्मा लावून कडेने न्याहाळलं. कोणीतरी पट्टी फार वर धरून कापली होती. नावाबरोबर देवाच्या अंगठ्याचं टोकही गेलं होतं.