भुऱ्याचा उपास

बोर्ली पंचतनच्या पुढे, सुपारीच्या वाड्यांमागे, जनावरांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या डॉक्टर जयमालाचा आठवडाभर नुसता जळफळाट चालला होता. माणसाचं स्वादुपिंड सडून त्यात पू झाला तर तो कसा काढावा, हे शिकायला तसाच आजार आधी डुकरात घडवावा लागतो. जयमालाने त्यासाठी पोटं चिरून पाहिली. तिची डुकरं एक तर दगावली, नाहीतर ठणठणीत बरी झाली. आणि कालपरवा आलेल्या रुचिताने तोंडातून दुर्बीण घालून, एकही टाका न घालता, भुऱ्या नावाच्या डुकराला तो आजार आणून दाखवला. उद्या मुंबईचे सर्जन भुऱ्याचा पू दुर्बिणीतूनच काढून पाहणार होते. जमलं की यापुढे पद्धत रुचिताची आणि प्रमुखही तीच.

वर पुन्हा 'जयमालाताई, तुमच्याकडूनच शिकले' म्हणायची. ते ऐकून जयमालाला मिरच्या झोंबायच्या. भुऱ्याला माणसाळवला होता तिने, आणि मिरवणार ही!

भूल देण्याआधी डुक्कर उपाशी हवं, म्हणून दुपारीच त्याचं भांडं उचललं होतं. पोटात काही गेलं तर उद्याचं सगळं रद्द. संध्याकाळी मंडळी चहाला गेल्यावर जयमाला केळं घेऊन त्याच्यापाशी गेली.

"खा रे बाबा, कोण बघत न्हाय," ती पुटपुटली.

एरवी केळ्यासाठी अंगावर येणाऱ्या भुऱ्याने तोंड फिरवलं. तिने सोलून नाकाशी धरलं, तर त्याने डोळेच मिटले.

ताप सकाळइतकाच होता, श्वासही तसाच. पण दुखणं वाढल्याखेरीज हा केळं सोडणारा नव्हता. आणि भांडंच उचललेलं असल्यामुळे त्याने अन्न टाकलंय हे दुसऱ्या कुणाला कळणारही नव्हतं. गप्प राहिलं तर सकाळपर्यंत भुऱ्या संपेल, रुचिता तोंडावर आपटेल. या विचाराने तिला क्षणभर बरंही वाटलं. मग तिने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि रुचिताला बोलावलं.

"याला दुखतंय. इंजेक्शन वाढव."

"दुपारी तर बरा होता, ताई. कशावरून म्हणता?"

जयमालाने सोललेलं केळं पुढे केलं. "मी दिलं. खाल्लं नाही."

रुचिताने केळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काही न विचारता ती औषधांच्या कपाटाकडे धावली. "उद्याचं राहू दे, सर्जनना मी कळवते," ती जाता जाता म्हणाली.

जयमाला तिथेच उभी राहिली. तिला रुचिताचा हेवा वाटला, आजवर कधी वाटला नव्हता एवढा.